स्टॉकहोम चार दिवसांत: पाण्याच्या वाटेने शहर पाहण्याचा सविस्तर बेत

स्टॉकहोमच्या मध्यभागी स्लुसेन नावाचा भाग आहे. तेथील पुलावर उभे राहिले की पश्चिमेला मेलारेन सरोवराचे गोडे पाणी आणि पूर्वेला बाल्टिक समुद्राचे मचूळ पाणी एकाच नजरेत दिसते. या शहराची पहिली भेट तेथूनच सुरू करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण शहराचा सारा इतिहास त्या दोन पाण्यांच्या भेटीतून निघालेला आहे. हजार वर्षांपूर्वी मेलारेन हे सरोवर नव्हते, तर ती समुद्राची खाडी होती. हिमयुगातील बर्फाच्या प्रचंड ओझ्यातून मोकळी झालेली येथील जमीन शतकानुशतके हळूहळू वर येत राहिली, खाडीचे मुख उथळ झाले आणि आतल्या बाजूचे पाणी सरोवर बनून वाहत्या धारेने समुद्रात उतरू लागले. जहाजांना पूर्वीसारखे सरळ आत जाता येईना, माल या चिंचोळ्या जागी उतरवावा लागू लागला, आणि ज्याच्या हाती ही जागा त्याच्या हाती देशाचा व्यापार, असे समीकरण तयार झाले. १२५२ सालच्या पत्रांत स्टॉकहोमचा पहिला उल्लेख सापडतो आणि शहराच्या स्थापनेचे श्रेय परंपरेने बिर्येर यार्ल या सत्ताधीशाला दिले जाते.

आज हे शहर १४ बेटांवर पसरलेले आहे. त्यामुळे येथील प्रेक्षणीय स्थळांची यादी करून एकेक स्थळ खोडत जाण्याची पद्धत गैरसोयीची ठरते. सकाळी एका बेटावर, दुपारी दुसऱ्या टोकाला आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्या बेटावर, अशी धावपळ होते. एका दिवसाला एक बेट किंवा लगतच्या बेटांचा एक गट, एवढा एकच नियम पाळला तर चार दिवस पुरतात. पुढील बेत त्याच नियमावर आखलेला आहे.

आधी ऋतू ठरवावा, मग तिकीट काढावे

जूनच्या उत्तरार्धात येथे सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो; डिसेंबरच्या मध्यात मात्र दुपारी तीनच्या आतच सूर्यास्त होतो आणि दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मेअखेर ते सप्टेंबरचा आरंभ हा काळ निवडावा. बोटी, राजवाड्यांची उद्याने, खुली संग्रहालये आणि नगरभवनाचा मनोरा यांचा पूर्ण लाभ याच काळात घेता येतो. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जूनच्या १९ ते २५ तारखांमधील शुक्रवारी ‘मिडसमर’ या भर उन्हाळ्यातल्या सणाची पूर्वसंध्या असते, त्या दिवशी शहरातील माणसे गावाकडे आणि बेटांवरच्या घरी जातात, आणि अनेक दुकाने व उपाहारगृहे बंद राहतात. त्या दिवशी शहरात असाल तर स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात जावे. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभारून त्याभोवती फेर धरणारे लोक तेथे पाहता येतात.

एप्रिलच्या अखेरीस जाणाऱ्यांना कुंग्सत्रेगोर्डेन या बागेत चेरीचा बहर आणि ३० एप्रिलच्या रात्री वसंताच्या स्वागतासाठी पेटवलेल्या होळ्या पाहायला मिळतात. आपल्या फाल्गुनातल्या होळीची आठवण कोणालाही यावी, असे ते दृश्य असते.

स्वीडन शेंगेन करारातील देश असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भरभर संपतात, म्हणून १५ दिवसांच्या मर्यादेवर विसंबून राहू नये. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. एकाच फेरीत डेन्मार्क किंवा नॉर्वेही पाहायचे असेल, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. स्वीडनचे चलन युरो नसून क्रोना आहे, आणि रोख पैसे न स्वीकारणारी दुकाने, कॅफे व संग्रहालये येथे इतकी आहेत की रोख रक्कम बदलून नेण्यापेक्षा परदेशात चालणारी दोन वेगवेगळी कार्डे जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते.

विमानतळ, तिकिटे आणि पाट्यांवरची नावे

आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. आर्लांडा एक्स्प्रेस ही गाडी सुमारे २० मिनिटांत मध्यवर्ती स्थानकावर पोहोचवते, पण ती महाग आहे. ‘पेंडेलटोग’ ही उपनगरी गाडी सुमारे ४० मिनिटे घेते. तिला साध्या तिकिटाखेरीज विमानतळ स्थानकाचे वेगळे शुल्क द्यावे लागते. ते शुल्कही टाळायचे असेल तर ५८३ क्रमांकाच्या बसने मार्श्ता स्थानक गाठून तेथून पेंडेलटोग पकडावी. कुटुंबाबरोबर मोठे सामान घेऊन जाणाऱ्यांनी मात्र थेट बस किंवा गाडीच घ्यावी.

शहरातील मेट्रो, बस, ट्राम आणि काही बोटी ‘एसएल’ या एकाच सार्वजनिक सेवेखाली येतात. साधे तिकीट ७५ मिनिटे चालते. २४ तास, ७२ तास आणि सात दिवस असे पासही मिळतात. चार दिवसांच्या मुक्कामासाठी ७२ तासांचा पास पहिल्या दिवशी घ्यावा आणि उरलेल्या वेळेसाठी सुटी तिकिटे काढावीत. या पासावर स्लुसेनहून युरगोर्डेन बेटाला जाणारी ८२ क्रमांकाची बोटही चालते, ही गोष्ट अनेक प्रवाशांच्या ध्यानात येत नाही आणि ते त्याच पाण्यावरच्या पर्यटन बोटीचे वेगळे पैसे मोजतात.

स्वीडिश नावांचे लेखन आणि उच्चार यांत अंतर आहे, म्हणून दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. ‘युरगोर्डेन’ हे नाव पाटीवर ‘डी’ या अक्षराने सुरू होते, परंतु ते अक्षर उच्चारात येत नाही. ज्या नावाच्या शेवटी ‘होल्म’ किंवा ‘होल्मेन’ असते ते बहुतेक छोटे बेट असते; नकाशा वाचताना ही खूण फार उपयोगी पडते.

पहिला दिवस: गामला स्तान

‘गामला स्तान’ म्हणजे जुने शहर. स्लुसेनहून ते चालत पाच मिनिटांवर आहे. सकाळी नऊच्या आधी येथे पोहोचावे, कारण दहानंतर मुख्य गल्ल्या गर्दीने भरून जातात. प्रथम स्टूरतोर्येत या चौकात जावे. लाल, पिवळ्या आणि हिरवट रंगांच्या उंच अरुंद घरांची रांग छायाचित्रांमुळे ओळखीची झालेली असते, पण याच चौकात नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याने स्वीडिश सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची सामूहिक हत्या करवली होती, हे पाहणाऱ्याला माहीत असावे. त्या हत्याकांडात ज्याचे वडील मारले गेले तो गुस्ताव वासा पुढे बंडाचा नेता झाला, आणि १५२३ मध्ये स्वतंत्र स्वीडनचा राजा म्हणून या शहरात आला. पुढील दोन दिवसांत ‘वासा’ हे नाव पुन्हा पुन्हा भेटते, म्हणून त्याची सुरुवात येथे समजून घेतलेली बरी.

चौकाला लागून असलेल्या जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत नोबेल पारितोषिक संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर साहित्याचे नोबेल ठरवणारी स्वीडिश अकादमी आहे. संग्रहालय लहान आहे आणि त्यात भव्य असे काही नाही, पण विजेत्यांनी स्वतः दिलेल्या साध्या वस्तू पाहताना मन रमते. अमर्त्य सेन यांनी दिलेली सायकल त्यांपैकीच एक होय. बंगालमधील खेड्यांत बालकांची वजने व इतर माहिती गोळा करण्याच्या कामी ती वापरली गेली होती. तेथील कॅफेमध्ये बसल्यावर खुर्ची हळूच उलटी करून पाहावी, कारण खुर्च्यांच्या खालच्या बाजूला नोबेल विजेत्यांनी सह्या केलेल्या असतात.

तेथून जवळच स्टूरशिर्कन हे शहराचे मुख्य चर्च आहे. आत सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन यांचे १४८९ सालचे काष्ठशिल्प असून ते बेर्न्ट नोट्के या कलावंताचे मानले जाते. ड्रॅगनच्या अंगावरचे काटे एल्क या उत्तरेकडील मोठ्या हरणाच्या खऱ्या शिंगांचे आहेत. शेजारच्या राजवाड्यात ६०० हून अधिक दालने आहेत. ७ मे १६९७ रोजी जुना ‘त्रे क्रोनोर’ किल्ला आगीत भस्मसात झाल्यावर धाकटा निकोदेमुस तेसीन याने या राजवाड्याची आखणी केली. सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. वेळ थोडा असेल तर तळघरातील शाही शस्त्रागार संग्रहालयाला प्राधान्य द्यावे. राजांचे पोशाख, चिलखते आणि शाही बग्ग्या तेथे अगदी जवळून पाहता येतात. रक्षकांच्या बदलीचा सोहळा उन्हाळ्यात रोज दुपारी होतो. निघण्याआधी त्या आठवड्याची वेळ तपासावी आणि अर्धा तास आधी अंगणात जागा धरावी.

दुपारनंतर हातात नकाशा न घेता गल्ल्यांतून फिरावे. मॉर्टेन त्रोत्सिग याच्या नावाची गल्ली एका ठिकाणी केवळ ९० सेंटिमीटर रुंद आहे. राजवाड्यासमोरील फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात गुडघे जवळ घेऊन बसलेल्या लोखंडी मुलाचे सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे शिल्प आहे. हिवाळ्यात लोक त्याला विणलेल्या टोप्या घालतात. संध्याकाळी रिद्दारहोल्मेन बेटाच्या काठावर जाऊन बसावे. समोर पाण्यापलीकडे जे लाल विटांचे भवन दिसते, तेथे तिसऱ्या दिवशी जायचे आहे.

दुसरा दिवस: युरगोर्डेन आणि वासा

चार दिवसांपैकी सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच आहे. स्लुसेनहून बोटीने किंवा मध्यभागातून ७ क्रमांकाच्या ट्रामने युरगोर्डेनला जावे आणि वासा संग्रहालय उघडताच दारात हजर राहावे.

वासा हे राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने पोलंडशी चाललेल्या युद्धासाठी बांधवून घेतलेले, ६४ तोफांचे युद्धजहाज होते. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्या सफरीला निघाले, सुमारे १३०० मीटर गेले, वाऱ्याच्या झोताने एका बाजूला कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि हजारो नागरिकांच्या डोळ्यांदेखत ते बंदरातच बुडाले. सुमारे ३० माणसे त्यात दगावली. दोष बांधणीतच होता: वरचा भाग अतिशय जड होता, पाण्याखालचा भाग त्यामानाने अरुंद होता, आणि तळाशी समतोलासाठी आणखी दगड भरायला पुरेशी जागाच नव्हती. निघण्यापूर्वी ३० माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावून चाचणी घेतली गेली होती, आणि जहाज इतके डोलू लागले की ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही जहाज निघाले, कारण राजाला ते तातडीने हवे होते. नंतर चौकशी झाली, पण कोणालाच शिक्षा झाली नाही. मुख्य बांधकाम करणारा कारागीर आदल्याच वर्षी वारला होता.

जहाज ३३३ वर्षे पाण्याखाली राहून टिकले कसे, याचे उत्तर पुन्हा स्लुसेनच्या त्या दोन पाण्यांत आहे. लाकूड पोखरणारा सागरी कृमी खाऱ्या समुद्रात जहाजांचा काही वर्षांत भुगा करतो, परंतु बाल्टिकचे पाणी मचूळ असल्यामुळे तो येथे जगत नाही. १९५६ मध्ये अँडर्स फ्रान्सेन यांनी जहाजाची जागा शोधून काढली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ते पाण्याबाहेर आले. लाकडातले पाणी सुकताना तडे जाऊ नयेत म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रव्याचा फवारा तब्बल १७ वर्षे मारला गेला. आज दिसणाऱ्या जहाजाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग मूळचा आहे.

सध्याचे संग्रहालय १९९० मध्ये नौदलाच्या जुन्या सुक्या गोदीवर उभे राहिले. आत गेल्यावर लगेच छायाचित्रे काढण्याऐवजी आधी माहितीपट पाहावा, मग सर्वांत खालच्या मजल्यावरून सुरुवात करून एकेक मजला वर चढावे, म्हणजे जहाजाचा तळ किती अरुंद आणि वरचा भाग किती उंच आहे हे डोळ्यांनाच पटते. मागच्या बाजूची कोरीव शिल्पे आज तपकिरी दिसतात, पण मुळात ती भडक रंगांत रंगवलेली होती. त्यांची रंगीत प्रतिकृती तेथेच आहे. अवशेषांच्या रक्षणासाठी आत उजेड मंद आणि हवा थंड ठेवलेली असते, तेव्हा उन्हाळ्यातही अंगावर पातळ स्वेटर असावा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. दोन तासांपेक्षा कमी वेळ येथे देऊ नये.

जेवणानंतर स्कान्सेनला जावे. आर्तुर हाझेलियुस यांनी १८९१ मध्ये सुरू केलेले हे जगातील सर्वांत जुने खुले संग्रहालय मानले जाते. कारखानदारी वाढत असताना खेड्यांतील घरे, हत्यारे आणि कारागिरी नाहीशी होत चालली होती. ती वाचवण्यासाठी त्यांनी देशभरातून घरे उकलून आणून येथे पुन्हा उभी केली. सुमारे १५० घरे व इमारती येथे आहेत आणि त्या काळच्या वेशातील माणसे त्यांत काम करताना दिसतात. वरच्या भागात एल्क, अस्वल, लांडगे आणि लिंक्स हे उत्तरेकडील प्राणी आहेत. टेकडीचा चढ ज्येष्ठांना दमवणारा आहे, म्हणून वर जाताना छोटी डोंगरी रेल्वे वापरावी आणि उतरताना पायी यावे. याच बेटावर लहान मुलांसाठी ग्रोना लुंड ही १८८३ पासूनची जत्रा आणि संगीतप्रेमींसाठी आब्बा या स्वीडिश पॉप गायकगटाचे संग्रहालय आहे, परंतु वासा आणि स्कान्सेन नीट पाहिल्यावर तिसऱ्या ठिकाणासाठी अंगात त्राण उरत नाही.

तिसरा दिवस: नगरभवन, मेट्रो आणि एक छोटी बुद्धमूर्ती

रागनार ओस्तबेरी यांनी आखलेले नगरभवन १९२३ साली, गुस्ताव वासाच्या शहरप्रवेशाला ४०० वर्षे झाली तेव्हा खुले झाले. बांधकामाला सुमारे ८० लाख विटा लागल्या. आतील दालने केवळ मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात, तेव्हा सकाळची पहिली इंग्रजी फेरी घ्यावी. ‘निळे दालन’ प्रत्यक्षात लाल विटांचे आहे; भिंती निळ्या करण्याचा मूळ विचार होता, परंतु उघड्या विटांचा रंग पाहून ओस्तबेरी यांनी तो सोडला आणि नाव मात्र राहिले. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी येथेच होते. वरच्या ‘सोनेरी दालना’त १ कोटी ८० लाख तुकड्यांचे मोझेक आहे. समोरच्या भिंतीवर मांडीवर शहर घेतलेली मेलारेनची राणी बसलेली असून पूर्व आणि पश्चिम तिला मान देत आहेत. पूर्वेच्या बाजूला हत्ती शोधावा. १०६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचे तिकीट वेगळे असते आणि तो केवळ उन्हाळ्याच्या हंगामात उघडा असतो.

पारितोषिके मात्र नगरभवनात नव्हे, तर हतोर्येत चौकातील निळ्या रंगाच्या संगीत सभागृहात दिली जातात. २०१९ मध्ये मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी तेथे धोतर नेसून आणि त्यांच्या पत्नी व सहविजेत्या एस्तेर दुफ्लो साडी नेसून पारितोषिक घ्यायला गेले होते. बॅनर्जी यांच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्यामुळे मराठी माणसाला त्या पायऱ्यांजवळ क्षणभर थांबावेसे वाटले तर नवल नाही. समोर भाजी, फळे आणि फुलांचा बाजार भरतो.

दुपारी पाऊस असो वा नसो, मेट्रोची कला पाहावी. ‘तुन्नेलबाना’ १९५० मध्ये सुरू झाली आणि तिच्या १०० स्थानकांपैकी ९० हून अधिक स्थानकांत चित्रे, शिल्पे किंवा मोझेक आहेत. टी-सेंट्रालेन येथील निळ्या मार्गिकेच्या फलाटापासून सुरुवात करावी. पांढऱ्या गुहेवर निळ्या वेली आणि स्थानक बांधणाऱ्या कामगारांच्या छायाकृती रंगवलेल्या आहेत. त्याच मार्गिकेवर सोल्ना सेंट्रुमला लाल आकाशाखाली हिरवे सूचिपर्णी अरण्य आहे आणि त्यात खेडी ओस पडणे, जंगले तुटणे हे १९७० च्या दशकातील प्रश्न चितारलेले आहेत. परतताना कुंग्सत्रेगोर्डेन आणि लाल मार्गिकेवरील स्टादिओनचे इंद्रधनुष्य पाहावे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा टाळाव्यात, कारण त्या वेळी फलाटावर थांबून वर पाहणे इतरांना अडचणीचे होते.

उरलेल्या वेळात इतिहास संग्रहालयात जाऊन वायकिंगांच्या वस्तूंसोबत एक विशेष मूर्ती शोधावी. मेलारेनमधील हेल्गो बेटावर १९५६ मध्ये सापडलेली ही काही सेंटिमीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती सहाव्या शतकात भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली मानली जाते. किती हातांतून, किती नद्यांवरून ती इतक्या उत्तरेला आली असेल, हा विचार मला वासासमोर उभे राहण्याइतकाच थक्क करतो.

खाणेपिणे

सोमवार ते शुक्रवार दुपारी ११ ते २ च्या दरम्यान अनेक उपाहारगृहांत ‘दागेन्स लुंच’ मिळते. कोशिंबीर, पाव आणि कॉफी त्यातच धरलेली असते, म्हणून मुख्य जेवण दुपारीच करावे. शाकाहारी पदार्थावर ‘वेगेतारिस्क’ लिहिलेले असते. प्रसिद्ध मांसगोळ्यांमध्ये बहुधा गोमांस व डुकराचे मांस एकत्र असते, हे पथ्य पाळणाऱ्यांनी जाणून असावे. कॉफी आणि गोड बन यांच्या विसाव्याला ‘फिका’ म्हणतात. दालचिनीच्या बनपेक्षा वेलदोड्याचा बन मराठी जिभेला अधिक जवळचा वाटेल. डिसेंबरमध्ये १३ तारखेच्या लुसिया सणाच्या आसपास केशराचे पिवळे बन मिळतात. नळाचे पाणी निर्धोक असते, बाटली भरून घ्यावी.

चौथा दिवस: सरोवराकडे किंवा समुद्राकडे

शेवटच्या दिवशी दोन पाण्यांपैकी एक निवडावे लागते. सरोवराच्या बाजूने गेल्यास द्रोत्निंगहोल्म राजवाडा लागतो. नगरभवनाजवळच्या धक्क्यावरून बोट सुमारे तासाभरात नेते. परतताना बस आणि ब्रोमाप्लानहून मेट्रो घेतल्यास खर्च वाचतो. राजघराणे १९८१ पासून येथे राहते आणि हा परिसर १९९१ मध्ये जागतिक वारसा ठरला. राजवाड्यापेक्षाही शेजारचे १७६६ चे नाट्यगृह चुकवू नये. लाटा, ढग आणि दृश्यबदल घडवणारी त्याची लाकडी यंत्रणा अजून हातांनी चालते आणि उन्हाळ्यात तेथे ऑपेरा होतात. संगीत नाटकाच्या पडद्यांवर प्रेम करणाऱ्याने त्यासाठी वेगळी दुपार राखून ठेवावी.

समुद्राच्या बाजूला सुमारे ३०,००० बेटे आणि खडक आहेत. अर्धा दिवस हाताशी असेल तर सुमारे २५ मिनिटांवरच्या फ्येदरहोल्मार्नाला जावे, पूर्ण दिवस असेल तर तासाभरावरच्या वाक्सहोल्म गावी जाऊन किल्ला आणि लाकडी घरे पाहावीत. वाक्सहोल्महून ६७० क्रमांकाची बसही शहरात येते, त्यामुळे शेवटची बोट चुकली तरी अडकून पडण्याची भीती नसते. त्याहून दूरच्या बेटांवर मात्र ही सोय नाही, आणि म्हणून तेथे उतरल्यावर धक्क्यावरचे परतीचे वेळापत्रक आधी टिपून घ्यावे आणि मगच आत पाऊल टाकावे.